शिडीवाल्या सदूचं दुसरं रीळ

नॉटिंगहॅम, ४ ऑक्टोबर

नकुल,

'चिरंजीव' लिहून खोडलं, 'प्रिय' लिहून खोडलं, शेवटी नुसतं नाव ठेवलंय. नऊ वर्षांनी भावाला पत्र लिहिताना कुठला मायना घालावा हे नानांनी काही शिकवलं नाही. फोन केला असता, पण माझा नंबर तू ब्लॉक केलायस. अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकू नकोस एवढंच मागणं आहे. आणि पाकिटातून आलंय म्हणजे ती बातमी नाही हे तुला कळेलच. माणूस गेल्याची बातमी उघड्या कार्डावर येते, कोपरा फाडून. आई जळगावच्या गोष्टी सांगताना हे कितीदा सांगायची!

तर नाना हॉस्पिटलात आहेत. 'घाबरू नकोस' असं लिहिणार होते, पण घाबर. हृदय थकलंय, छातीत पाणी होतंय, काढलं की परत होतंय. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूच्या खोलीत नेऊन आधी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, तेव्हाच मी काय ते समजले. "वी आर टॉकिंग वीक्स," म्हणाल्या. आपला म्हातारा अठ्ठ्याऐंशीचा आहे, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हाही प्रश्नच आहे.

ये. राहायचं नसेल माझ्याकडे तर राहू नकोस, हॉटेलात उतर, पण ये.

आणखी एक. सप्टेंबरात मंडळात स्वराली नावाची एक मुलगी आली होती. पुण्याची आहे, इथल्या एका फिल्म आर्काइव्हमध्ये कामाला आहे आणि म्हाताऱ्या मंडळींच्या आठवणी रेकॉर्ड करत हिंडते. नानांनी तिला तंबूची सगळी कथा ऐकवली. आजोबांचा फिरता सिनेमा, यावल-चोपड्याच्या जत्रा, बोलपट मध्येच बंद पडला की पब्लिकने दगड मारू नयेत म्हणून लावायचं ते जुनं मुकं अमेरिकन विनोदी चित्र, आणि पडद्याशेजारी स्टुलावर उभा राहून त्याची गोष्ट मराठीत ओरडून सांगणारा दहा वर्षांचा ज्ञानेश्वर, म्हणजे नाना स्वतः. मग म्हणाले, "ते चित्र आहे की आमच्या माळ्यावर." पोरगी चहा अर्धा टाकून उठली.

शिडीवाला सदू जगात कुठे उरलेला नाही, नकुल. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत निघाला, दोन रिळांचा, आणि आता त्याची एकही प्रत कुणाकडे नाही. आपल्या माळ्यावर निघालं ते पहिलं रीळ सोडून. त्याचं खरं इंग्रजी नाव तिने हुडकून काढलंय, पण आजोबांनी ठेवलेल्या नावापुढे ते अगदीच अळणी आहे.

मग तिने साहजिकच विचारलं, दुसरं रीळ कुठाय? नानांनी सांगितलं, मुलाकडे, ग्लासगोला. ती तुला इमेल करेल. तू उत्तर देऊ नकोस. म्हणजे दे हवं तर, पण आधी माझ्याशी बोल. पुन्हा तो विषय निघून तुला मनस्ताप नको, दुसरं काही नाही.

ताई


१२ ऑक्टोबर

नकुल,

तुझं काही आलं नाही. टपाल उशिरा पोचतं हल्ली, असं मी मलाच सांगतेय.

नानांना रोज दुपारी दोन ते चार भेटते. डब्यातून मऊ भात नेते, चार घास खातात. परवा स्वराली लॅपटॉप घेऊन वॉर्डात आली. त्यांनी पहिलं रीळ साफ करून कॉम्प्युटरवर चढवलंय. डाग आहेत, कडा गेल्यात, पण सदू आहे! तीच टोपी, तीच त्याच्या दुप्पट लांबीची शिडी, गोंदाची बादली, भिंतीला कागद चिकटवायला निघालाय आणि वाटेत प्रत्येकाला शिडीचं टोक लागतंय. मड्डम आली, फौजदार आला. आजोबांनी दिलेलीच नावं तोंडात येतात, काय करू? नाना बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

तुला गणपतीतला तो शो आठवतो का? आपण इथे आलो त्याच्या पुढच्या वर्षी, चर्चचा हॉल भाड्याने घेतला होता. नानांनी कुणाच्या तरी ओळखीने मशीन आणलं, पडदा म्हणून आईची पांढरी चादर. स्वरालीला हे सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "मावशी, नायट्रेट आहे ते! यू कुड हॅव बर्न्ट द होल प्लेस डाउन." जाळला तर नाहीच, उलट हॉलमधली पन्नास माणसं पोट धरून हसली. तू आठ वर्षांचा, माझ्या मांडीवर बसून इतका हसलास की तुला उचकी लागली. मी सिनेमा बघितलाच नाही, तुझ्याकडेच बघत होते.

पहिलं रीळ संपतं तिथे सदू शिडी घेऊन मड्डमच्या खिडकीखाली पोचतो. पडदा पांढरा झाला. नाना म्हणाले, "आता दुसरं."

स्वराली गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "सुचे, नकुलला सांग, मी रागावलो नाही. पोरानं बापाची वस्तू नेली, त्यात चोरी कसली? मीच डोक्यात राख घालून घेतली. घेऊन ये म्हणावं. एकदा बघतो न् मोकळा होतो."

तुला माफ केलंय त्यांनी. ही चांगलीच बातमी आहे ना? मग मी गाडीत बसून अर्धा तास का रडत होते, विचारू नकोस.

तू तेव्हा म्हणाला होतास की मी नेलं नाही. तीनदा म्हणाला होतास. मला आठवतं. ते सगळं राहू दे, तू फक्त ये, रिकाम्या हाताने ये. मी नानांना काहीतरी सांगेन.

ताई


१९ ऑक्टोबर

नकुल,

उद्या पहिली अंघोळ. त्याआधी घरातली घाण काढायची रीत आहे, म्हणून काढते.

दुसरं रीळ मी घालवलं. तू नाही.

दहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही डबे माळ्यावरून खाली काढले होते. त्यातल्या दुसऱ्याला कुबट वास येत होता. आपल्या घरात वास आला की काय करतात? ऊन दाखवतात. गोधड्या, शालू, डाळी, पापड, सगळ्याला आईने ऊन दाखवलं. आणि नॉटिंगहॅमला ऑक्टोबरात ऊन कुठून आणायचं, तर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. आईने त्या कपाटात कुरडया वाळवल्यात, तू चोरून खाल्ल्यायस. मी डबा टाकीच्या वरच्या फळीवर ठेवला. चार दिवस ठेवू, वास गेला की परत वर. मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आलं, तिला थंडी वाजायची, हीटिंग दिवसभर चालू. डबा मी साफ विसरले. एप्रिलमध्ये टॉवेल काढताना दिसला.

झाकण उघडलं तर आत काकवी. वर तपकिरी पूड, खाली काकवी, आणि महिनाभर न धुतलेल्या मोज्यांचा वास. ज्या डब्याची काळजी घेतली तो गेला, आणि जो घाईघाईत माळ्यावर गारठ्यात परत लोटला तो टिकला. स्वराली त्या दिवशी सांगत होती, "मावशी, याला थंडीच लागते, उष्णता म्हणजे विष." मी मान डोलावली. चेहरा कसा ठेवला माझं मला माहीत.

तेव्हा मी ते सगळं काळ्या पिशवीत घालून कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचराडेपोत, टाकून आले. झाकण तेवढं टाकवलं नाही. त्यावर आजोबांनी पांढऱ्या रंगाने '२' काढलाय. ते नऊ वर्षं तांदळाच्या पिंपात तळाशी आहे.

मे महिन्यात नानांनी डबे मागितले. एकच निघाला. त्याच्या महिनाभर आधी, ईस्टरला, तू येऊन गेला होतास आणि जेवताना म्हणाला होतास की हे आर्काइव्हला देऊन टाका, घरात सडेल. बरोबर बोलला होतास, तेही मला झोंबलं होतं. नानांनी विचारलं, "दुसरा कुठाय?" मी म्हटलं, "नकुल मागत होता ना, त्याने नेला असेल." एवढंच. चूक सांगायला तोंड उघडलं आणि तुझं नाव बाहेर पडलं. त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला. तू नाही म्हणालास, ते चोर म्हणाले. मी स्वयंपाकघरात भाजी परतत होते. गॅस बंद करून चार पावलं चालायचं होतं, नकुल. चार पावलं.

का केलं ते विचारशील. घाबरले हे खरं, पण तेवढंच खरं नाही. आईचं ऑपरेशन मी काढलं, नानांच्या गोळ्या मी बघायच्या, लग्न राहिलं ते राहिलंच, आणि तू वर्षातून दोनदा ग्लासगोहून यायचास तेव्हा घरात सण. 'नकुलला वांग्याचं भरीत आवडतं.' साठीला टेकलेली बाई सांगतेय, मला तुझा हेवा वाटायचा. तू नजरेतून उतरलास तेव्हा एक दिवस, फक्त एक दिवस, मला बरं वाटलं. मग कधीच नाही.

आईच्या वेळी तू क्रेमेटोरियमच्या शेवटच्या बाकावर बसलास आणि घरी न येता परत गेलास. मी तुझ्या पाठीकडे बघत उभी होते. तेव्हाही बोलले नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर नऊ वर्षं पौर्णिमाच होती.

माफी मागत नाही. माफीच्या शब्दांनी चिडून तू न येण्यापेक्षा, मला हव्या तेवढ्या शिव्या दे आणि ये.

ताई


२६ ऑक्टोबर

नकुल,

भाऊबीजेला तुझ्या तनूचा फोन आला. लँडलाइनवर. नंबर तिच्या आईच्या जुन्या डायरीत मिळाला म्हणाली. नऊ वर्षांची होती तेव्हा शेवटची ऐकली होती, आता अठराची. मी तिचा आवाज ओळखला नाही आणि तिने माझा ओळखला.

"आत्या, तुझा लेटर्स येतात. बाबा ओपन नाही करत. फ्रीजवर ठेवला सगळे."

"तिन्ही?"

"तिन्ही. आजोबा ओके आहे का?"

मी म्हटलं, तनू, तू उघड, तू वाचून दाखव त्याला. तर म्हणाली, "मी कसा उघडू? नेम बाबाचा आहे ना. आणि मला मराठी वाचता नाही येत." मग जरा थांबून म्हणाली, "पण तो फेकत नाही, आत्या. मी विचारलं, बिनमध्ये टाकू? तर खूप ओरडला."

म्हणजे ज्या पत्रासाठी मी रक्त आटवलं ते तुमच्या फ्रीजवर ब्रेडशेजारी पडलंय. तनूला फोनवर सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण बापाला चोर ठरवलं होतं हे त्या पोरीला तरी ठाऊक आहे का? आणि तिच्याकरवी निरोप धाडायचा म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक. ते मी एकदा केलंय.

मग जिथे आधी जायला हवं होतं तिथे गेले. शुक्रवारी झाकण पिंपातून काढलं, तांदूळ झटकले, पिशवीत घालून वॉर्डात नेलं आणि नानांच्या पांघरुणावर ठेवलं. त्यांनी चष्मा मागितला. अंगठा त्या '२' वरून फिरवला. "नकुल आला?" म्हणाले. आणि दाराकडे बघितलं, नकुल. इतक्या आशेने बघितलं.

मी सांगितलं. टाकीचं कपाट, टिप, सगळं. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, समोरच्या बेडची माणसं बघायला लागली.  शेवटी नाना एवढंच म्हणाले, "नऊ वर्षं?" आणि भिंतीकडे तोंड केलं.

काल डबा नेला तर माझ्या हातून खाल्लं नाही. नर्सने भरवलं तर खाल्लं. आजही तेच. झाकण उशीखाली आहे, चादर बदलू देत नाहीत.

मी त्यांनाही घालवलं आणि तुलाही आणू शकले नाही. आता तुला सांगायला माझ्याकडे काहीच लपवलेलं उरलेलं नाही, आणि जे सांगते ते पाकिटात बंद. हेही पत्र फ्रीजवरच जाणार. मग मी कुणासाठी लिहितेय?

पाकिटांचं चुकलंच माझं. हे टाकत नाही. उद्या कार्डं घेऊन येते.


२९ ऑक्टोबर
कार्ड पहिलं

नकुल, हॉस्पिटलच्या दुकानात मांजरांची कार्डं तेवढी होती, त्याला इलाज नाही. कार्ड उघडावं लागत नाही. उचलताना नजर पडतेच, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. दुसरं रीळ तू नेलं नव्हतंस. ते माझ्या हातून खराब झालं, मी टाकून दिलं आणि तुझं नाव घेतलं. नानांना मी सगळं सांगितलंय. पोस्टमनला मराठी येत नाही. येत असतं तरी असंच लिहिलं असतं.


कार्ड दुसरं

चार दिवस नाना माझ्याशी बोलले नाहीत. काल म्हणाले, "त्या पुण्याच्या पोरीला बोलाव. रेकॉर्ड करायचं ते घेऊन ये म्हणावं." स्वराली आली. नाना उशीला टेकून बसले, झाकण मांडीवर घेतलं, आणि वॉर्ड दणाणला. "पाहा, पाहा मंडळी! सदूनं शिडी लावली, पण कुणाच्या खिडकीला? मड्डमच्या? छे! फौजदाराच्या!" अख्खं दुसरं रीळ पाठ आहे त्यांना. फौजदाराची अंघोळ, गोंदात बसलेला घोडा, लग्नाच्या मांडवात घुसलेली शिडी, एकेक गोष्ट. मधे ऑक्सिजन घ्यायचे आणि पुढे सांगायचे. शेजारच्या बेडवरचा इंग्रज म्हातारा एक अक्षर न कळता खोकेपर्यंत हसला. स्वरालीच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तीही हसत होती. मीही. देवाशप्पथ, मीही हसले.


कार्ड तिसरं

आता ऐक. शिडी भर चौकात उभी आहे, भिंतीचा टेकू नाही, खाली धरायला कुणी नाही. अगदी वरच्या पायरीवर सदू, खालून फौजदार करवत चालवतोय. आणि नाना थांबले. मी विचारलं, पुढे? म्हणाले, "पुढचं नकुलला. त्याला उगाच चोर म्हटलं, त्याच्यासाठी काही ठेवायला नको?" स्वरालीने किती विनवलं, ऐकेनात. शेवट मला आठवत नाही, मी तेव्हा तुझ्याकडे बघत होते. तो आता जगात एकाच माणसाला ठाऊक आहे आणि त्याला धाप लागतेय. डॉक्टरीणबाई आता आठवडे म्हणत नाहीत, दिवस म्हणतात.

तिन्ही कार्डांचे कोपरे चाचपून बघ. शाबूत आहेत. चौथ्याचं मला सांगता येत नाही.

ये.